शिपरने तेल पाठवलंच नाही, पैसे मात्र आले: पाइपलाइन कंपनीने रेव्हेन्यू कधी धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतली एक क्रूड पाइपलाइन कंपनी आहे, टेक्ससच्या आतल्या भागातून किनाऱ्याकडे तेल नेते, आणि पुण्यात बसून तिची पुस्तकं तपासणाऱ्या टीममधल्या एकाने विचारलंय की शिपरने, म्हणजे तेल पाठवणाऱ्या गिऱ्हाईकाने, ठरल्यापेक्षा कमी तेल पाठवलं, कंपनीने तुटीचं बिल लावलं, पैसेही आले, करारात स्पष्ट लिहिलंय की हे पैसे परत मिळणार नाहीत, मग क्लायंट म्हणतोय तसं ते सरळ त्याच तिमाहीत रेव्हेन्यूला घ्यायला हरकत काय? जोडीला दोन उपप्रश्न आहेत, पीएलए म्हणून, म्हणजे वाटेतल्या घटीपोटी, कापून घेतलेल्या तेलाचं काय करायचं आणि कनेक्शनसाठी आगाऊ आलेल्या पैशाचं काय.

मी बरीच वर्षं अशाच कंपन्यांच्या ऑडिटवर काढली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मुद्द्याचं बोलतो. हरकत आहे की नाही हे "परत मिळणार नाहीत" या वाक्यावरून ठरतच नाही. पैसे परत द्यायचे नाहीत ही एक गोष्ट आणि ते कमावले ही दुसरी. त्या पैशाच्या बदल्यात शिपर पुढे येऊन "माझं राहिलेलं तेल आता न्या" असं म्हणू शकतो का, एवढं एकच बघायचं. म्हणू शकत असेल तर तुमचं काम अजून बाकी आहे, आणि काम बाकी असताना रेव्हेन्यू नाही. क्लायंटचा कंट्रोलर, म्हणजे हिशोबखात्याचा प्रमुख, या ठिकाणी नेहमी बँक स्टेटमेंट दाखवतो. दाखवू दे.

आता हा धंदा कसा चालतो ते थोडं बघू, कारण ते न बघता एएससी 606 च्या, म्हणजे रेव्हेन्यू कधी धरायचा हे सांगणाऱ्या अमेरिकन नियमाच्या, पाच पायऱ्या घोकून काही उपयोग नाही. 1906 च्या हेपबर्न कायद्यापासून अमेरिकेत आंतरराज्य तेल पाइपलाइन ही कॉमन कॅरियर आहे, म्हणजे दारात आलेल्या शिपरला जाहीर दराने सेवा द्यावी लागते, आपल्याला आवडला तो गिऱ्हाईक घेतला असं चालत नाही. 1977 पासून हे सगळं एफईआरसी या अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाच्या अखत्यारीत आहे, दरपत्रक म्हणजे टॅरिफ तिथे फाइल होतं. पण नवीन लाइन टाकायला अब्जावधी डॉलर लागतात आणि बँका विचारतात की तेल येणार याची खात्री काय, म्हणून लाइन टाकायच्या आधी ओपन सीझन करतात, म्हणजे जागा कोणाला हवी ते जाहीरपणे विचारतात, त्यात काही शिपर बरीच वर्षं रोज इतके बॅरल पाठवू किंवा पैसे भरू असं लिहून देतात, त्याला टीएसए म्हणतात आणि त्या किमान बॅरलना एमव्हीसी. साधारण 10 टक्के जागा मात्र आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी लागते, त्यांना वॉक-अप शिपर म्हणतात.

म्हणजे एकाच पाइपात दोन जातीचे गिऱ्हाईक आहेत आणि दोघांचं अकाउंटिंग वेगळं. वॉक-अपचं सोपं आहे, टॅरिफ आणि त्या महिन्याचं नॉमिनेशन (या महिन्यात इतकं तेल पाठवतो अशी शिपरची आगाऊ नोंद) मिळून करार होतो, महिना संपला की करार संपला, जेवढे बॅरल नेले गुणिले दर, झालं. तिथे डोकं लावायची गरज नाही. सगळी डोकेदुखी टीएसएवाल्यांची.

सेवेचा प्रकार दोघांचाही सारखाच आहे, वाहतूक ही वेळेनुसार पूर्ण होणारी सेवा. तेल अर्ध्या वाटेवर असताना दुसऱ्या कंपनीने काम हातात घेतलं तर तिला पहिल्यापासून वाहून न्यायला लागणार नाही, म्हणजे शिपरला फायदा मिळत गेलाय, म्हणून डिलिव्हरीची वाट न बघता रेव्हेन्यू येत जातो. लोकांना वाटतं हा पुस्तकी मुद्दा आहे. पण ह्यूस्टनहून न्यूयॉर्क हार्बरला कलोनियल पाइपलाइनमधून माल पोचायला सरासरी 18.5 दिवस लागतात, म्हणजे महिनाअखेरीला बरंच काही वाटेतच असतं. दर महिन्याला सारखंच तेल वाहत असेल तर सुरुवातीचं आणि शेवटचं एकमेकांत कटून जातं आणि कोणी ओरडत नाही, पण कोविडमधल्या एप्रिल 2020 सारखा महिना आला, प्रवाह धाडकन खाली आला, की डिलिव्हरीवर रेव्हेन्यू धरणाऱ्यांचा कटऑफ, म्हणजे कुठल्या महिन्यात काय धरायचं ती सीमारेषा, चुकलेला दिसतो. तुमची लाइन दोन-तीन दिवसांची असेल तर आकडा काढून फाइलला लावा, किरकोळ आहे असं लिहा आणि पुढे चला. आणि हो, पाइपात भरलेलं तेल बहुतेक वेळा शिपरचं असतं, ते क्लायंटच्या इन्व्हेंटरीत दिसलं तर आधी मालकी विचारा.

आता तुटीच्या बिलाकडे येतो. पुण्यात बाहेरगावची जी मुलं राहिली आहेत त्यांना हे समजवायला लागत नाही. मेसवाल्या काकू महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. काही काकू खाडे धरतच नाहीत, आलात तर जेवा, नाही आलात तर तुमचं नशीब. काही काकू खाडे लिहून ठेवतात आणि पुढच्या महिन्यात तेवढी ताटं वाढून देतात. पहिल्या काकूंनी महिनाअखेरीला सगळे पैसे कमावलेले असतात, दुसऱ्या काकूंना अजून ताटं द्यायची आहेत. पैसे दोघीही परत देत नाहीत! टीएसएमध्ये खाड्याचं ताट पुढे मागायच्या या हक्काला मेकअप राइट म्हणतात.

आकडे घेऊन बघू. समजा एमव्हीसी तिमाहीला 30 लाख बॅरल, दर 2 डॉलर. पहिल्या तिमाहीत शिपरने 24 लाखच पाठवले. वाहतुकीचे 48 लाख डॉलर रेव्हेन्यू, त्यात वाद नाही. तूट 6 लाख बॅरल, बिल 12 लाख डॉलर. मेकअप राइट नसेल तर जागा राखून ठेवणं हेच काम होतं, ते तिमाही संपताना पूर्ण झालं, 12 लाखही त्याच तिमाहीत. मेकअप राइट पुढच्या चार तिमाही चालणार असेल तर हे 12 लाख कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटीत, म्हणजे पैसे आले पण काम बाकी अशा देण्यात, जाणार. इथपर्यंत बहुतेकांना येतं.

पुढचं ब्रेकेज येत नाही. ब्रेकेज म्हणजे शिपर वापरणारच नाही असा अंदाज असलेला हक्काचा भाग. तो अंदाज बांधता येत असेल, आणि पुढे मोठा रेव्हेन्यू उलटवावा लागणार नाही याची खात्री असेल, तर मुदत संपेपर्यंत थांबायचं नसतं, शिपर जसजसा हक्क वापरेल त्या प्रमाणात ब्रेकेजसुद्धा रेव्हेन्यूत घ्यायचं. अंदाजच बांधता येत नसेल तर मात्र वापराची शक्यता अगदी नगण्य होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत थांबा.

अंदाज कुठून आणायचा? इथे लोक शिपरच्या ड्रिलिंग प्लॅनचे ग्राफ काढत बसतात, त्यापेक्षा करारातलं छोट्या अक्षरातलं वाचा. जवळपास प्रत्येक टीएसएमध्ये असं असतं की चालू तिमाहीचा एमव्हीसी आधी पूर्ण करायचा, त्याच्या वर जे पाठवाल तेवढंच मेकअपला लागू, आणि तेही लाइनमध्ये जागा असेल तर. आता समजा या शिपरच्या कनेक्शनवरच्या पंपाची ताकदच तिमाहीला 31 लाख बॅरलची आहे. म्हणजे त्याने जीव तोडला तरी तिमाहीला 1 लाख बॅरल मेकअप, चार तिमाहीत 4 लाख. सहामधले 2 लाख त्याला वापरताच येणार नाहीत. हे ब्रेकेज आहे आणि याला ड्रिलिंग प्लॅन लागत नाही, पंपाचा डेटाशीट पुरतो. मग 12 लाख डॉलर भागिले 4 लाख बॅरल, वापरलेल्या प्रत्येक मेकअप बॅरलमागे 3 डॉलर रेव्हेन्यू. दर 2 डॉलर असताना 3 कसे, हा प्रश्न सीनियरकडून येणार, तयारी ठेवा.

दुसऱ्या तिमाहीत त्याने 1 लाख मेकअप बॅरल नेले, 3 लाख डॉलर रेव्हेन्यू. तिसऱ्या तिमाहीत बरोबर 30 लाखच पाठवले, मेकअप शून्य. आता उरल्या दोन तिमाही, म्हणजे जास्तीत जास्त 2 लाख. एकूण अपेक्षित वापर 4 वरून 3 लाखांवर आला, त्यातला 1 वापरून झालाय, म्हणजे आजपर्यंतचा रेव्हेन्यू 12 चा तिसरा हिस्सा, 4 लाख. आधी 3 घेतलेत, तिसऱ्या तिमाहीत 1 लाख अजून. गंमत बघा, त्या तिमाहीत मेकअपचा एक थेंब हलला नाही आणि रेव्हेन्यू आला. हे बरोबर आहे, फक्त मेमो नीट लिहा.

हे सगळं प्रत्येक तुटीच्या तिमाहीचा वेगळा कप्पा करून ठेवावं लागतं, कुठला मेकअप बॅरल कुठल्या तिमाहीच्या तुटीतून वजा करायचा हे करारात असतं, बहुतेक वेळा जुनं आधी. क्लायंटची एक्सेल एकाच रकान्यात सगळी तूट ढकलत असेल तर मुदत संपलेले हक्क त्यात जिवंत राहतात, मी ऑडिटमध्ये पहिलं तेच उघडून बघतो. आणि उलटंही होतं, लाइन गच्च भरलेली आहे, दर महिन्याला सगळ्यांची नॉमिनेशन्स कापली जातायत, तरी कंपनी भिऊन पूर्ण रक्कम मुदतीपर्यंत लायबिलिटीत धरून बसलीये. तेही चूकच, जागाच मिळणार नसेल तर मेकअप कागदावरच राहणार.

अशा रकमा मोठ्या का होतात ते 2019-20 मध्ये दिसलं. पर्मियन बेसिन या तेलपट्ट्यातून कॉर्पस ख्रिस्ती बंदराकडे कॅक्टस 2, एपिक आणि ग्रे ओक या लाइनी 2019 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये पाठोपाठ सुरू झाल्या, आणि काही महिन्यांत कोविड आला, 20 एप्रिल 2020 ला तर डब्ल्यूटीआय या अमेरिकन क्रूडचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. विहिरी बंद व्हायला लागल्या, एमव्हीसी मात्र कागदावर तसेच होते. त्या काळात या क्षेत्रात ब्लेंड अँड एक्स्टेंड हा शब्द फार ऐकू यायचा, म्हणजे आत्ता दर कमी करा, त्याबदल्यात मुदत वाढवतो. उरलेली 2 वर्षं 2 डॉलरने होती, ती बदलून 5 वर्षं 1.50 डॉलरने केली, असं काही. उरलेली वाहतूक आतापर्यंतच्या वाहतुकीपासून वेगळी सेवा असल्यामुळे हा बदल पुढच्या काळावर टाकायचा, मागचा रेव्हेन्यू उकरायचा नाही, पण ताळेबंदात आधीची कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी पडून असेल तर ती पण या नव्या हिशोबात मिसळते. ती विसरतात.

दराच्या पायऱ्यांचंही बघा. समजा राखीव जागेचा करार 5 वर्षांचा, वर्षाला 10 लाख बॅरल, पहिली 2 वर्षं 2 डॉलर आणि नंतरची 3 वर्षं 1.50, शिपरने काही पाठवो न पाठवो पैसे भरायचे. एकूण 85 लाख डॉलर, वर्षाला 17 लाख. सेवा पाचही वर्षं सारखीच असेल तर पहिल्या दोन वर्षांत दरवर्षी 3 लाख लायबिलिटीत आणि नंतर तीन वर्षं 2-2 लाख बाहेर. बिल केलं तेवढा रेव्हेन्यू ही सवलत इथे सरसकट लावता येत नाही, बिलाची रक्कम त्या काळातल्या सेवेच्या किमतीशी जुळत असेल तरच लागते. एफईआरसीच्या इंडेक्सप्रमाणे दर जुलैत बदलणारा दर त्यात बसतो, त्याची सरासरी काढत बसू नका.

इंडेक्सवरून आठवलं. हा इंडेक्स उत्पादक किमतींच्या निर्देशांकाला एक आकडा जोडून काढतात, दर पाच वर्षांनी तो आकडा ठरतो. 2021 ते 2026 साठी डिसेंबर 2020 मध्ये अधिक 0.78 टक्के ठरला, जानेवारी 2022 मध्ये एफईआरसीने तो उणे 0.21 केला, कंपन्या कोर्टात गेल्या, जुलै 2024 मध्ये कोर्टाने तो आदेश रद्द केला आणि सप्टेंबरात परत 0.78 आला. रेव्हेन्यू त्या त्या तारखेला फाइलवर जो दर होता त्यानेच. पण शिपरने दरावर तक्रार केली असेल तर वेगळं, कारण तक्रारीच्या आधीच्या 2 वर्षांपर्यंतची भरपाई द्यायला लागू शकते, मग मिळालेल्या पैशातला काही भाग व्हेरिएबल, म्हणजे पुढे कमी होऊ शकणारा, मानून रोखून धरायचा का हे बघावं लागतं. वकिलाचं पत्र मागवा, कंट्रोलरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता पीएलए. वाहतुकीत थोडं तेल उडून जातं, मोजमापात फरक येतो, म्हणून टॅरिफमध्ये लिहिलेलं असतं की पाठवलेल्या तेलातला 0.1, 0.2 टक्के असा भाग कंपनी कापून घेणार. प्रत्यक्ष तूट त्यापेक्षा कमी झाली तर उरलेलं तेल कंपनीचं. महिन्याला 50 लाख बॅरल आणि 0.2 टक्के धरले तर 10,000 बॅरल कापले, खरी तूट 4,000, हातात राहिले 6,000. भाव 70 डॉलर असेल तर 4.20 लाख डॉलर, पैशाऐवजी तेलाच्या रूपात मिळालेली वाहतुकीचीच किंमत आहे ही, म्हणून वाहतुकीच्या रेव्हेन्यूत. काही कंपन्या पूर्ण 10,000 रेव्हेन्यूत आणि 4,000 खर्चात दाखवतात, करार काय म्हणतो त्यावर आहे, पण एक पद्धत धरली की दर तिमाहीला बदलायची नाही. पुढे तेच 6,000 बॅरल 74 ने विकले की 4.44 लाख मालविक्रीचा रेव्हेन्यू आणि 4.20 लाख विकलेल्या मालाची किंमत. तेच तेल रेव्हेन्यूत दोनदा आलं म्हणून ज्युनिअर मंडळी घाबरून क्वेरी टाकतात, घाबरू नका, दोन वेगळे गिऱ्हाईक आणि दोन वेगळे व्यवहार आहेत.

खरी गोची भाव कुठल्या तारखेचा घ्यायचा यात आहे. अमेरिकन नियमात 2016 च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट आहे, करार सुरू झाला त्या दिवसाचा. वॉक-अपचा करार महिन्याचाच, त्यामुळे अडचण नाही. सात वर्षांच्या टीएसएला मात्र प्रश्न येतो की करार सुरू झाला तो सात वर्षांपूर्वी की दर महिन्याच्या नॉमिनेशनला. एमव्हीसीमुळे हक्क-बंधन पहिल्या दिवशीच तयार होतं का, यावर उत्तर अवलंबून आहे, आणि कंपनीने काय मानलंय ते तिच्या अकाउंटिंग पॉलिसीत लिहिलेलं असलं पाहिजे. आयएफआरएस 15 मध्ये, म्हणजे रेव्हेन्यूच्या आंतरराष्ट्रीय नियमात, ही तारीख ठरवूनच दिलेली नाही, त्यामुळे कॅनडातल्या एखाद्या कंपनीचं मॉडेल जसंच्या तसं अमेरिकन क्लायंटला चिकटवू नका.

कनेक्शनच्या पैशाचं एका प्रश्नात निपटतं: देणारा कोण? शिपरनेच त्याच्या टाक्यांपर्यंत लाइन आणायला पैसे दिले आणि त्याचाच वाहतुकीचा करार असेल, तर ते वाहतुकीच्या किमतीचाच आगाऊ भाग, कराराच्या मुदतीवर पसरवायचे, नूतनीकरणात त्याला खरोखर सवलत मिळणार असेल तर त्याहून लांब. पण हायवे रुंद करायचा म्हणून राज्याच्या रस्ते खात्याने पाइप हलवायला सांगितलं आणि खर्च भरून दिला, तर ते खातं काही तुमचं गिऱ्हाईक नाही, तो रेव्हेन्यू नाहीच, मालमत्तेच्या खर्चातून वजा जातो. ट्रायल बॅलन्समध्ये मात्र दोन्ही एकाच खात्यात सापडतात.

एक धोक्याची घंटा, लाइनचा एखादा फाटा अख्खा एकाच शिपरला दिलेला असेल आणि तो कसा वापरायचा हे तोच ठरवत असेल, तर आधी एएससी 842 या भाडेकरारांच्या नियमाखाली लीज आहे का बघा, लीज निघाली तर वरचं बरंच काही लागूच होत नाही. आणि शिपरची तब्येत बघा, 2016 मध्ये सबीन ऑइल अँड गॅसच्या दिवाळखोरीत न्यूयॉर्कच्या कोर्टाने गॅदरिंगचे, म्हणजे विहिरींपासून माल गोळा करून नेण्याचे, करार झटकू दिले होते, तेव्हा सात वर्षांचा एमव्हीसी आहे म्हणजे सात वर्षांचे पैसे आले असं नसतं.

इथल्या कंपन्यांना हे किती लागू, असं पण कोणी विचारेल. आपला रेव्हेन्यूचा नियम इंड एएस 115 एप्रिल 2018 पासून आहे आणि बहुतेक भाषा आयएफआरएस 15 चीच आहे, पण आपल्याकडची एचपीसीएलची मुंबई-पुणे-सोलापूर किंवा बीपीसीएलची मुंबई-मनमाड लाइन घ्या, त्यातून बराचसा माल त्यांचा स्वतःचाच जातो, स्वतःचा माल स्वतःच्या पाइपातून नेला तर गिऱ्हाईकच नाही, मग रेव्हेन्यू कसला.

तुमच्या क्लायंटकडे आता एवढं मागा: टीएसए त्याच्या सगळ्या दुरुस्त्यांसकट, फाइल केलेलं टॅरिफ, तुटीचं तिमाहीवार शेड्यूल, गेल्या वर्षभरात नॉमिनेशन्स किती कापली त्याचा रिपोर्ट, आणि त्या शिपरच्या कनेक्शनची कमाल क्षमता. हे हातात आलं की 12 लाखांपैकी किती कधी घ्यायचे ते तासाभरात निघेल. उरलेल्या एमव्हीसीची रक्कम 10-के या अमेरिकन वार्षिक अहवालातल्या पुढच्या वर्षांच्या तक्त्यातही जाते, तिथे वॉक-अपचे अंदाज घुसवलेले नाहीत ना, आणि तुटीपोटी आधीच आलेले पण लायबिलिटीत पडून असलेले पैसे सुटले नाहीत ना, तेवढं टिक करा.